माझ्या हातांची खोड ओळखणारा खेळ

पुण्याहून बंगलोरला नोकरीसाठी आले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आठवडाभर कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी खोलीत बसून कॉम्प्युटरवरचे खेळ खेळायचे, असा माझा दिनक्रम होता. हे खेळणं नुसतं करमणुकीचं नव्हतं. चामराजपेटेत एका छापखान्याच्या माडीवरून कॉम्प्युटरचं एक छोटं इंग्रजी मासिक निघायचं, त्यात मी खेळांची परीक्षणं लिहायची. संपादक निपाणीकडचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून आम्ही दोघंही एकमेकांवर खूश होतो.

त्या काळी उड्या मारत पुढं जाण्याचा एक खेळ जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवर असायचा. एक ठेंगणा माणूस एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उडी मारतो, आणि खड्ड्यात पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या खेळाचं वेड लागलेले लोक त्याच्या फाइली उघडून स्वतःच्या लेव्हल रचायचे, मूळ खेळापेक्षा कितीतरी अवघड, आणि फ्लॉपीवर भरून मासिकाकडे पाठवायचे. बहुतेकांची अवघडपणाची कल्पना म्हणजे जागा मिळेल तिथं खिळे. संपादक पहिल्या दोन खड्ड्यांतच दमायचे. "बाई, हे तुमचं काम. आमची बोटं लिहिण्यापुरतीच," असं म्हणून ते पाकिटं माझ्याकडे सरकवत.

त्यातल्या एका पाकिटावर बंगलोरजवळच्या होसकोटेच्या टपालाचा शिक्का होता. आत फक्त फ्लॉपी. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही.

मी बनशंकरीला एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. पुढच्या भागात मालकीणबाई. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्पिढ्या इकडंच राहिलेलं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही. त्या एकट्याच राहतात अशी माझी समजूत होती. माझ्या खोलीत प्लग एकाच भिंतीला होता, त्यामुळे कॉम्प्युटरचं टेबल त्या भिंतीला टेकवलेलं.

जेवण उरकून भर दुपारी मी ती फ्लॉपी घातली. पडदा काळाकुट्ट झाला. ठेंगण्या माणसाच्या अवतीभोवती हातभर दिसेल एवढाच उजेड. संगीत नाही. माणूस फळीवर उतरला की 'टक' असा आवाज, आणि पडला की खाली खाली जाणारे तीन सूर. हळूहळू लक्षात आलं की हे एक घर आहे. फळ्या म्हणजे भांड्यांच्या मांडण्या, खड्डा म्हणजे न्हाणीघराची मोरी. खिळे नव्हते, राक्षस नव्हते. तरी खेळताना सारखं वाटायचं, या घरात कुणीतरी आहे आणि ते आपल्यापासून लपून, श्वास रोखून बसलंय. मी तिसऱ्या खोलीपर्यंत पोहोचले आणि थांबले. परीक्षणात लिहिलं की रचना अप्रतिम आहे, पण रचणाऱ्याला कुणी जिंकावं असं वाटत नसावं.

काही आठवड्यांनी दुसरी फ्लॉपी आली. शिक्का होसकोटेचाच.

इथं माझ्या हातांची एक खोड सांगायला हवी. लांब उडी घ्यायच्या आधी मी जागच्या जागी दोन छोट्या उड्या मारायची. टक-टक, आणि मग झेप. उपयोग काहीच नाही, हाताला लागलेली सवय. ती मी कधी कुठं लिहिली नव्हती. सांगितली तर नव्हतीच, कारण मलाही ती धड ठाऊक नव्हती.

दुसऱ्या फ्लॉपीत पहिल्या लांब उडीच्या कडेला मी उभी राहिले, टक-टक केलं, आणि पायाखालची फळी फुटली. पुढच्या कडेला तेच. त्याच्या पुढच्याही. मी मुद्दाम हात आवरला आणि सरळ झेप घेतली, तर फळी शाबूत. फ्लॉपी घेऊन चामराजपेटेला गेले आणि संपादकांना खेळायला बसवलं. त्यांनी टक-टक केलंच नाही. ते आपले नेहमीसारखे उडीतच पडत राहिले, फळी काही फुटली नाही.

"योगायोग असंल हो," ते म्हणाले.

"सर, कुणीतरी मला खेळताना बघितलंय."

"खोलीत कोण येतंय तुमच्या?"

"कुणीच नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग सोडून द्या की हे. दुसरं काहीतरी घ्या परीक्षणाला."

मी सोडलं नाही. जागच्या जागी दोनदा उडी मारणाऱ्याला हा खेळ ओळखतो आणि शिक्षा करतो, असं स्पष्ट लिहिलं. छापूनही आलं. त्यानंतर मात्र मी खिडकीचा पडदा ओढून बसू लागले. ऑफिसातल्या सहकाऱ्यांचे चेहरे संशयानं न्याहाळू लागले. एकानं सहज विचारलं, "वीकेंडला काय करतेस?" आणि मी त्यालाच उलट विचारलं, "तुला कशाला हवंय?"

तिसरी फ्लॉपी आली तेव्हा ती दोन दिवस पर्समध्येच ठेवली. रविवारी दुपारी, गल्लीत पोरांचं क्रिकेट चालू असताना, धीर करून लावली.

घर तेच. पण आता भिंतीच्या आत, विटांच्या मागं, दुसरा एक माणूस होता. करड्या रंगाचा, जेमतेम दिसणारा. मी चालले की तो पलीकडून चालायचा, मी थांबले की किंचित उशिरानं थांबायचा. तो काहीच करत नव्हता. मी पुढच्या खोलीत गेले तर तिथं खिडकी होती. सहा तावदानांची, आणि वरच्या कोपऱ्यात काचेऐवजी पत्रा.

मी मान वळवली. माझ्या खोलीची खिडकी सहा तावदानांची होती आणि वरच्या कोपऱ्यात पत्रा ठोकलेला होता.

का कोण जाणे, पहिली गोष्ट सुचली ती आवाज बंद करण्याची. कॉम्प्युटर बंद करून मी डबा उघडला, आतल्या स्पीकरची वायर ओढून काढली, आणि पुन्हा खेळ लावला. आता नुसती बटणं दाबल्याचा बारीक आवाज. कडेला आले. सवयीनं दोनदा बटण दाबलं. खोलीत शांतता.

आणि भिंतीतून आवाज आला. टक-टक.

मी खुर्ची पाडून उठले ती थेट अक्कांच्या दारात. त्या पडवीत घेवडा मोडत बसल्या होत्या.

"अक्का, माझ्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

त्यांचे हात थांबले. "का गं?"

"कुणीतरी ठोकतंय तिकडून."

त्यांनी घेवड्याचं ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, "माझा भाऊ आहे. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्यानं. स्वल्प थांब जरा, विचारते."

त्यांचा भाऊ होसकोटेच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायचा. अपघातात पाठ गेली, कमरेखालचं अंग गेलं, उजव्या हाताची बोटं वळेनात. कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून तो त्या खोलीत राहिला तो राहिलाच. कारखान्यातला एक जुना मित्र अधूनमधून यायचा. त्यानंच कॉम्प्युटर आणून दिला होता, आणि फ्लॉप्या टपालात टाकणाराही तोच. मी महिनोन्‌महिने त्या घरात राहत होते, आणि घरात तिसरं माणूस आहे याचा मला पत्ता नव्हता.

अक्कांनी आत बोलावलं. खोलीत औषधाचा वास होता. पलंगावर उशांना टेकून चाळिशीचा एक माणूस बसला होता. खांदे रुंद, चेहरा मुलासारखा. माझ्याकडे न बघता तो पडद्याकडे बघत होता.

मी घाबरले होते त्यापेक्षा आता चिडले होते. "तुम्ही माझ्यावर कान ठेवून होता?"

"कान कुठं नेऊन ठेवू?" तो म्हणाला. "ही भिंत अर्ध्या विटेची आहे."

"आणि ती खिडकी?"

"ती खोली माझी होती. काच मीच फोडली, लहानपणी."

मग त्यानंच सांगितलं, थांबत थांबत.

"पहिली फ्लॉपी पाठवली आणि विसरून गेलो. एका दुपारी भिंतीतून माझा खेळ ऐकू यायला लागला. तो टक आवाज मी बनवलाय, दुसऱ्या कुठल्या खेळात नाही. वाटलं, माझंच यंत्र चालू राहिलं. बंद केलं. तरी येतच होता. पलीकडे भाडेकरू आहे हे ठाऊक होतं, पण मासिकाला पाठवलेला खेळ तिथं कसा येईल? माणूस पडतोय, उठतोय, पुन्हा पडतोय. अक्काला विचारलं, ती म्हणाली, मला काही ऐकू येत नाही. तिला कमीच येतं ऐकू. मग मला वाटलं, डोकं पण गेलं."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"खरंच कुणी खेळतंय का, कसं ओळखायचं?" तो म्हणाला. "तो पलीकडचा दोनदा ठोकतो, मग झेप घेतो. म्हणून फळी फुटेल असं केलं. माणूस खरा असेल तर मासिकात येईल. आलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो."

"आणि आज का ठोकलंत?"

"तुम्ही आवाज बंद केलात," तो म्हणाला. "मला वाटलं, गेलात."

माझा राग उतरला, पण भीती पूर्ण गेली नाही. नंतर कित्येक दिवस खुर्ची सरकवली, खोकले, फोनवर आईशी बोलले, की वाटायचं हे सगळं पलीकडे पोचतंय. टेबल हलवावं का, असा विचार रोज यायचा. प्लग एकच होता हे कारण मी स्वतःला देत राहिले. स्पीकरची वायर मात्र त्याच संध्याकाळी पुन्हा जोडली.

मग त्यानं अक्कांकडून विचारलं की हा खेळ शेवटपर्यंत जातो का, हे बघून सांगाल का? त्याच्या बोटांनी रचता येत होतं, खेळता येत नव्हतं. शेवटच्या खोल्या कागदावर जुळत होत्या, प्रत्यक्षात जमतात की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. परीक्षण करणाऱ्या माणसाला याहून सरळ काम कुणी सांगितलं नसेल. मी रविवारी त्याच्या खोलीत बसून खेळू लागले. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मी पडायच्या आत म्हणायचा, "गेला." एका ठिकाणी खड्डा खरोखरच अशक्य होता. त्यानं डाव्या हातानं तो कमी केला आणि पुटपुटला, "सरी, ठीक आहे, आता जा." मी गेले. शेवटच्या खोलीत दार उघडलं, आणि बाहेर सगळा पडदा पांढरा झाला.

संपादकांनी तो खेळ मासिकाबरोबरच्या फ्लॉपीवर वाचकांना दिला. रचणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "बनशंकरीला राहतात." काही दिवसांनी माडीवर पत्रं यायला लागली. कुणी लिहिलं, खेळ बिघडलेला आहे. कुणी शपथेवर सांगितलं की तो पुरा करणं माणसाच्या हातून होणार नाही. एकानं तर परीक्षण लिहिणारी बाई धादांत खोटं बोलते असं ठणकावून सांगितलं होतं. ती सगळी मी अक्कांकडे दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जायला केस विंचरत होते. पलीकडे अक्का चष्मा लावून अडखळत वाचत असाव्यात, त्यांचा आवाज भिंतीतून पुसट येत होता. मध्येच तो थांबला आणि एक माणूस हसायला लागला. आधी घशातल्या घशात, मग मोठ्यानं, दम लागेपर्यंत. कोण हसतंय, का हसतंय, सगळं ठाऊक होतं. तरी त्या रिकाम्या भिंतीतून येणारं ते हसणं ऐकून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि बस चुकेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.