अंड्यांच्या पाटीतली नात

डोंगरावरच्या आईशी मी कित्येक वर्षं अबोला धरला होता. माझी दोन बाळं लागोपाठ गेली, आणि त्यांच्यासाठी बोललेला नवस तर मी आधीच फेडून बसले होते. शब्द फिरवणाऱ्याशी मी बाजारातही दुसऱ्यांदा व्यवहार करत नाही. नवरा गेल्यावर आंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांवरून अंडी गोळा करायची आणि लोणावळ्याच्या बंगल्यांना विकायची, यावर मी घर उभं केलं, उरलेल्या एका मुलीचं लग्न केलं. तोंड फटकळ, भावात माघार नाही. जत्रेला सारं गाव डोंगर चढे; मी पायथ्याला नवसाच्या कोंबड्या विकत बसे आणि वर पाहतसुद्धा नसे.

मुलगी सुमन पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, पण डोक्याच्या मागे लिंबाएवढा मऊ फुगा. त्यावरची कातडी अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्याइतकी पातळ. सुमनची सासू आली ती हळदीकुंकू घेऊनच. "देवीची खूण हाय ती, हात लावू नगा," म्हणाली. मी म्हटलं, "खूण द्यायची तर कपाळावर द्यावी, विहीणबाई. पाठीमागनं कशाला?" लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी मात्र सरळ सांगितलं. कवटीचं हाड तिथं जुळलंच नव्हतं. त्या भोकातून मेंदूवरचं आवरण बाहेर आलं होतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होईल, पण वाटेत ते फुटलं तर पोर हाती लागायची नाही.

फुटू द्यायचं नाही, हे तर माझं रोजचंच काम. पाटीत भाताचं तूस पसरलं, वर मऊ पेंढा, त्यावर जुनं लुगडं, आणि मधे खळगा केला. बाळ कुशीवर निजवलं, फुगा कुठेच टेकू दिला नाही. सुमन ओली बाळंतीण, तरी मागे राहीना. सडकेवर आलो तर एसटीचा पत्ता नाही. ऊन चढत गेलं. मी एसटीला, सरकारला, विहिणीला शिव्या घातल्या. देवीचं नाव मात्र घेतलं नाही. तेवढ्यात गवत भरून देहूरोडला निघालेला लष्कराचा ट्रक आपणहून थांबला. सरदारजी ड्रायव्हरने विचारलं, "अंडे हैं, माई?" मी सवयीने म्हणाले, "हळू चालवशील तर बसते. भाडं आधी ठरव." त्याने पाटीत डोकावलं आणि त्याचं हसू मावळलं. आम्हा मायलेकींना त्याने शेजारी बसवलं. देहूरोड मागे पडलं तरी तो थांबला नाही. खड्डा दिसला की ट्रक बैलगाडीसारखा हाकी, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवले की खिडकीतून ओरडे, "बच्ची सो रही है!" दवाखान्याच्या फाटकात उतरवून, मी कनवटीला हात घालेपर्यंत तो निघूनही गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "ही पाटी कुणी भरली?"

"मीच. अंड्यांचा धंदा हाय माझा."

"एकही फुटत नाही?"

"फुटतं की डझनात एखादं. आज येकच आणलंय."

ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, फुग्यात मेंदू आलेला नसून नुसतं पाणी असेल तर बरं. मी हटून बसले, "पोर बरी होणार असं सांगा, मगच हात लावा."

"आजी, तेवढं मला सांगता येणार नाही."

ते अडून बसले नव्हते. जे मी मागत होते ते त्यांच्यापाशी नव्हतंच. मी पाटी पुढे केली.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसल्यावर जिभेवर पुन्हा नवस आला, आणि मी थबकले. तो ट्रक मी मागितला नव्हता. त्यासाठी काही कबूलही केलं नव्हतं. तोंड फिरवून बसले होते, तरी तो आला. मग आता भाव कसला करायचा? "आई, पोर तुझी," एवढंच म्हटलं, आणि सुमनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

आत पाणीच निघालं. डॉक्टरांनी आवरण शिवलं, वरून कातडी ओढून टाके घातले. डोक्यात पाणी साठतंय का, हे बघायला पुढे बरेच महिने टेपने डोकं मोजून घ्यायला गेलो, साठलं नाही. पण त्या दिवशी शुद्धीवर येताच पोरीने असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अगं बया, आजीवर गेली!" सारी खोली हसली, मी सगळ्यांत मोठ्याने.

पोर चालू लागल्यावर तिला घेऊन मी डोंगर चढले. पुजाऱ्याने विचारलं, "नवस कसला, मावशी?"

"कसला न्हाई. भेटाय आले."

दोन बाळांची तक्रार मी विसरलेले नाही. पण आता ती आईसमोर उभी राहून करते, आणि बोलून झालं की तिच्यावर सोपवून येते. तेही नीट होत नाही, कारण नात मधेच लुगडं ओढते. तिला घंटा वाजवायची असते. मी तिला उचलते, आणि ती वाजवतच राहते.