ओरिजनल कापूस

हे मी कोणापाशीच बोललो नाही — बायकोपाशीबी नाही. तुले सांगून राह्यलो, कारण तू मले "सर" म्हणत नाहीस.

आर्णीच्या शाळेत मी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय — गाइड वाचून दाखवलं. पण तोरा असा, जशी इंग्रजी माह्याच घरी जन्मली!

कापसाचे वाईट दिवस होते ते. भाव नाही, गिऱ्हाईक नाही. अशात सरकारनं एका देशाशी मुक्त व्यापाराचा करार केला, अन् तिथले कापडवाले आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात आले. इथं सूतगिरणी टाकायचा त्याईचा विचार होता. दुभाष्या कोण? मीच — कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

करारात एक शब्द होता — ओरिजिन. मले काय समजते कपाळ! जिनिंगचा कारकून गौतम, माह्याच वयाचा, त्यानं सभेआधी मले बाजूले घेतलं. कागदावर बोट ठेवून म्हणे, "सर, ओरिजिन म्हणजे माल मूळ कोणत्या देशातला ते. कापूस इथला असला का त्याईच्या कापडाले तिकडं जकात माफ. म्हणून गिरणी इथं. धागा मात्र लांबच पाहिजे."

आता यानं मले शिकवावं? याच्या आडनावाच्या माणसानं? — हो, हेच आलं मनात. हेच.

स्टेजवर मी ठोकून दिलं, "यायले ओरिजनल कापूस पाहिजे. आपला जुना गावरान!" काय टाळ्या पडल्या! बिनडोक लोकं, अन् त्याईचा बिनडोक मास्तर.

गौतम भर सभेत उठला नाही. दुसऱ्या दिवशी घरी आला. "सर, तुमीच सांगा लोकाईले. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, सांगतो. सांगतो-सांगतो म्हणत मिरग आला, अन् लोकाईनं आखूड धाग्याचा गावरान पेरला.

हंगामात साहेब आले. कापूस चिमटीत ओढून पाह्यला, अन् गेले. गिरणी दुसऱ्या राज्यात गेली. जिनिंगच्या मालकानं भडकून इचारलं, हे गावरानचं खूळ कोणाचं? आम्हा दोघायले कागदावर वाकलेलं तर सगळ्याईनं पाह्यलं होतं. मी म्हटलं — आवाजबी कापला नाही माहा — "गौतमनं मले तसंच समजावलं होतं."

गौतम तिथंच उभा होता. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. मले मात्र रिटायर झालो तवा शाल, नारळ — थू!

आता बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. परवा पेन्शनचं इंग्रजी पत्र आलं. समजलं नाही. काहून गेलो त्याच्याकडंच? दुसरं कोण वाचून देणार होतं! दुकानात चार लोकं होते, म्हणून त्यानं मले बाजूले घेतलं, हळूच एक-एक ओळ समजावली. "समजलं ना, सर?"

मी कागद ओढून घेतला. म्हटलं, "मले माहीतच होतं."