बिनदाराच्या गावात माझा बंड्या

आधीच सांगते, हसायचं असेल तर कप खाली ठेवा, ठसका लागेल. अख्ख्या गावावर चोरीचा आळ घेणारी बाई पाहिलीय कधी? ही बघा, तुमच्यासमोर बसलीय!

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. शनिशिंगणापूरच्या शाळेत माझी नेमणूक झाली. दादरच्या चाळीत वाढलेली मी, मला तो परदेशच! सोबतीला बंड्या, म्हणजे आमचा कुत्रा. आईने बजावलं होतं, "एकटी राहणार, कुत्रा तरी ने."

खोली मिळाली काशीकाकूंच्या घरात. बघते तर काय, चौकट आहे, दारच नाही! त्या गावात घराला दार लावत नाहीत. कडी नाही, कुलूप नाही, राखण देवाची. ऐकून होते हो, पण स्वतः तिथं राहायचं म्हणजे?

"काकू, निदान एखादी फळी?"

"हाय की. चौकटीला टेकवायची. कुत्री शिरत्यात."

"आणि चोर?"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई, मानसाचं भ्या न्हाई हितं. कुत्र्याचं तेवढं हाय."

आणि मी नेमका कुत्राच घेऊन आलेली! बंड्या मात्र खूश. एवढी उघडी घरं त्याने जन्मात पाहिली नव्हती. दिवसभर गावभर हुंदडायचा.

आठवड्याने सकाळी शाळेला निघाले, तर माझी नवी कोल्हापुरी गायब. एकच हं! आता तुम्ही म्हणाल, एका पायाची चप्पल नेणारा चोर कुठला? अहो, एवढी अक्कल असती तर काय हवं होतं! मी ओट्यावर येऊन बोंब ठोकली, "चोरी! चोरी झाली हो!"

आग लागल्यासारखा गाव पळत आला. काकू मटकन खाली बसल्या. "माझ्या घरात? आजवर कुनाच्या घरात झालं न्हाई, ते माझ्या घरात?" पदर डोळ्याला. मला वाईट वाटलं, पण माघार घेईन तर शपथ!

गावातले वडीलधारे विठोबाअण्णा पुढे आले. "बाई, नीट बगितलं का?"

"मी काय आंधळी आहे?"

"कुनावर संशय?"

"दारच नाही म्हटल्यावर कुणावरही!"

अण्णा म्हणाले, "मंग समदी देवाफुडं चला. खरं निगालं, तर काशीला गावात तोंड दावाया जागा न्हाई. खोटं निगालं, तर बाई, तुमी दुसरं गाव बगा."

माझ्या जिभेला हाड कुठंय? "चला!" म्हटलं आणि जुनी चप्पल काढायला खाटेखाली वाकले.

हाताला लागली माझी कोल्हापुरी. तिच्यामागे एक टोपी, एक लाटणं, शेजारच्या सुमनचं पोलकं आणि अण्णांचं एक पायताण! या सगळ्याच्या मधोमध बंड्या, शेपूट हलवत.

"तरीच!" अण्णा म्हणाले. "मला वाटलं, म्हातारपनी कुटं ठिवलं ते इसरलो."

आठवडाभर गावातल्या वस्तू जात होत्या, पण एकाच्याही तोंडून 'चोरी' निघालं नव्हतं. लाजेने मेले हो मी! सगळ्यांसमोर काकूंचे पाय धरले. त्या रडता रडताच हसायला लागल्या. "उटा बाई, शाळंला उशीर हुतोय."

खोली वाचली, नोकरी वाचली. दिवाळीच्या सुट्टीत बंड्याला दादरला आईकडे सोडून आले. म्हटलं, सुटले!

कुठली सुटतेय? संक्रांतीच्या सुमाराला एक आजोबा सरळ आत आले. राम राम नाही, काही नाही, वाकून खाटेखाली बघू लागले.

"काय हवंय, बाबा?"

"शेळी हारवलीय."

"अहो, कुत्रा केव्हाच गेला मुंबईला!"

"ठावं हाय की," आजोबा खाटेखालूनच म्हणाले. "पर बाई हितंच हाईत न्हवं?"