कस्तुराबाईंचं शेवटच्या स्टॉपचं तिकीट

बेंगळूरच्या कोरमंगलात मुलींचं एक पीजी आहे. चार मजले, चौसष्ट मुली, एक लिफ्ट आणि तिच्यावर ‘दुरुस्ती चालू’ असा दोन वर्षांपूर्वीचा कागद. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात कस्तुराबाई असतात. वय बावन्न, गाव निपाणीजवळ, नवरा सहा वर्षांमागं वारला, लेक हुबळीला नांदते. एवढं सगळं त्या एका दमात सांगतात आणि लगेच विचारतात, जेवलीस का.

पहाटे पाचला कणीक, सातला इडली नाहीतर पोहे, नऊला डबे, एकला जेवण. संध्याकाळी पाचला परत कणीक. चौसष्टातल्या अकरा जणी कांदा खात नाहीत, चौघी कांदा खातात पण दिसलेला चालत नाही, आणि एक जण सध्या काहीच खात नाही, तरी तिचं ताट वाढून ठेवावं लागतं.

दीड ते साडेचार मात्र मोकळे. हाताखालच्या रत्नाबाई तेवढ्या वेळात तांदळाच्या पोत्यांशेजारी आडव्या होतात. कस्तुराबाई तोंड धुतात, पातळ बदलतात आणि बस पकडतात. कुठली, तर जी पहिली येईल ती. कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाल्यापासून त्यांचा हा नेम आहे. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. कुठं जायचं विचारलं की त्या ‘लास्ट’ म्हणतात. शेवटच्या स्टॉपला उतरून चहा पितात आणि परतीच्या बसमध्ये बसतात.

असं करून त्यांनी बनशंकरी पाहिलं, केंगेरी पाहिलं. व्हाइटफील्डला उभ्या उभ्या झोपलेली शिकलेली माणसं पाहिली. देवनहळ्ळीला एकदाच गेल्या. किल्ला खिडकीतून दिसला. परतायला सात वाजले आणि त्या दिवशी चौसष्ट मुलींनी दुकानातल्या शेवया खाल्ल्या. तेव्हापासून तो रस्ता बंद. एकदा स्टॉपवरच्या एका बाईनं त्यांना पावट्याच्या दाण्यांत शेपू घालायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी पीजीत भाजीवरून भांडण झालं, कारण ती पुरली नाही.

“आजी, तुम्ही रोज जाता कुठे नक्की?” नागपूरची सिद्धी एकदा म्हणाली. कंपनीनं तिला आनंदी कसं राहावं याचा दोन दिवसांचा कोर्स दिला होता. तो तिनं रविवारी बसून उरकला होता.

“कुटं न्हाई,” कस्तुराबाई म्हणाल्या.

तर हे दीड वर्ष सुरळीत चाललं. कंडक्टर लोक आधार कार्ड फारसं बघत नसत. बाईचं निपाणीकडचं कन्नड ऐकलं की मशीन दाबून तिकीट फाडत. मग फेब्रुवारीत मंजुनाथ नावाचा नवा कंडक्टर आला. त्यानं कार्ड हातात घेतलं आणि वाचलं.

“अक्का,” तो हळूच म्हणाला, “हे महाराष्ट्राचं कार्ड आहे.”

ते होतंच महाराष्ट्राचं. कस्तुराबाईंचं माहेर गडहिंग्लज तालुक्यातलं, सासर निपाणीजवळ. मधे अठरा किलोमीटर आणि दोन सरकारं. आधारची गाडी माहेरच्या गावात आली तेव्हा त्या आईचा गुडघा शेकायला तिथं गेलेल्या होत्या. पुढं पत्ता बदलला नाही. सीमेवरच्या घरांत तशी पद्धतच आहे, एखादा कागद पलीकडचा असू द्यावा, लागला तर लागला. तो कशाला लागेल हे कुणाला ठाऊक नसतं. बससाठी लागेल असं तर कुणीच धरलं नव्हतं.

“तिकीट घ्यावं लागेल, अक्का. फुकट फक्त कर्नाटकच्या पत्त्याला. सरकारी नियम आहे,” मंजुनाथ म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं.

कमरेच्या पिशवीत पन्नासची नोट होती. कस्तुराबाई पुढच्या स्टॉपला उतरल्या आणि चालत परत आल्या.

“पैसे द्यायचे की,” रत्नाबाई पोत्यांवरनं म्हणाल्या.

“पैसे दिलं की कामाला गेल्यावानी हुतंय. उतरल्यावर मन इचारतंय, काय आनलीस म्हून.”

त्या आठवड्यात कस्तुराबाई दुपारी पीजीतच राहिल्या. डबे घासले. घासलेले परत घासले. मग चिवडा केला. चिवडा मुलींना आवडला, आणि तिथंच चूक झाली. पीजीचा मॅनेजर गिरीराज हा दावणगिरीचा, प्रत्येक मोकळ्या गोष्टीवर डोळा असलेला माणूस. गुरुवारी त्यानं फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘सोमवारपासून रोज चार वाजता नाष्टा.’

“तुम्ही दुपारी असता ना आता,” तो म्हणाला. “स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, अक्का.”

कस्तुराबाईंनी रत्नाबाईंकडून फळा वाचून घेतला. चारला नाष्टा म्हणजे अडीचपासून तयारी. एकदा सुरू झालं की चौसष्ट तोंडांना सवय लागणार, मग कार्ड बदलो न बदलो, दुपार गेली ती गेली. त्या त्याच दुपारी सिद्धीला घेऊन आधारच्या केंद्रावर गेल्या. तिथल्या माणसानं सांगितलं, इकडच्या पत्त्याचा कागद आणा. तसा कागद एकच होता, सासरचं रेशन कार्ड. ते आप्पाजींच्या ट्रंकेत.

आप्पाजी म्हणजे त्यांचे सासरे. वय एक्याऐंशी. गाव महाराष्ट्रात गेलं पाहिजे म्हणून मिसरूड फुटल्यापासून मोर्चात. अजूनही एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिनाला, दंडावर काळी फीत बांधतात. गाव आहे तिथंच आहे.

“मामंजी, रेशन कार्डाची झेरॉक्स पाटवा,” कस्तुराबाई फोनवर म्हणाल्या.

“कशाला?”

“आधारवरचा पत्ता बदलायचाय. आपल्या घरचा घालनार.”

पलीकडं आप्पाजींनी कोंबडी हाकलली.

“म्हंजे कर्नाटक,” आप्पाजी म्हणाले.

“घर तितंच हाय की, मामंजी. मी काय करू.”

“साठ वर्सं मोर्चं काडलं. दोनदा लाठी खाल्ली. आख्ख्या घरात कागदावर महाराष्ट्रात पोचल्यालं मानूस एकच, तू. मी लोकास्नी सांगतो. आनि तू बशीसाटी माघारी येनार?”

“व्हय.”

“जातीस कुटं रोज?”

“शेवटच्या ष्टापाला.”

“तितं काय हाय?”

“बस वळवायला जागा हाय.”

“मग?”

“मग माघारी येती.”

“देवाला न्हाई, बाजाराला न्हाई. ह्याला म्हनायचं काय?”

“काय म्हनायचं न्हाई. जाती निस्ती.”

“न्हाई जमायचं,” आप्पाजी म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी गिरीराजनं वीस किलो रवा आणून टाकला. कस्तुराबाईंनी पोतं उघडलं नाही. शनिवारी सकाळी इडल्या वाफेवर असताना फोन वाजला.

“मी दुपारी जेवल्यावर काय करतो ठावं हाय न्हवं तुला?” आप्पाजींनी एकदम सुरुवात केली.

“झोपता की.”

“झोपतो म्हून सांगतो. हायवेला जाऊन बसतो. पलीकडच्या येष्ट्या जात्यात. कोल्लापूर, सांगली, एक पुन्याची. पाट्या वाचतो. चार वाजता घरला येतो. तेचा उपेग काय म्हून कुनी इचारलं तर मला सांगता याचं न्हाई.”

कस्तुराबाईंनी गॅस बारीक केला.

“झेरॉक्स बेंगळूरच्या बशीच्या डायव्हरकडं दिलीया. उद्या सकाळी स्टँडावर जाऊन घे. आनि जुनं कार्ड टाकू नगो. मला पाटीव.”

“नंबर त्योच ऱ्हातोय, मामंजी. जुन्याचा काय उपेग न्हाई.”

“नंबर ऱ्हाऊ दे. मी गाव बगनार.”

मग त्या गिरीराजकडं गेल्या.

“सोमवारपास्नं मी दुपारी न्हाई.”

“का? कुठे?”

“बस हाय.”

“कुठली बस?”

“ते अजून ठरल्यालं न्हाई.”

गिरीराजनं आयुष्यात पुष्कळ कारणं ऐकली होती, न ठरलेली बस त्यांत नव्हती. दुसरी स्वयंपाकीण शोधायची तर कांदा खाणाऱ्या-न खाणाऱ्यांची सगळी यादी तिला पहिल्यापासून शिकवावी लागणार होती. त्यानं फळ्यावरचा नाष्टा पुसला आणि लिहिलं, ‘रोज चार वाजता केळं. आपलं आपण घ्यावं.’ रव्याचा पुढं महिनाभर उपमा झाला.

कार्ड यायला अठरा दिवस लागले. तेवढे दिवस कस्तुराबाई दुपारी स्टॉपवर जाऊन बसत. बस यायच्या, माणसं चढायची. त्या बसून राहायच्या आणि चारला उठायच्या. 

नवं कार्ड आलं. त्यावरचं कन्नड कस्तुराबाईंना बोलता येतं, वाचता येत नाही. रत्नाबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव बरोबर होतं. जुनं कार्ड जाड पाकिटात घालून त्यांनी पोस्टात टाकलं आणि तिथूनच स्टॉपवर गेल्या. पहिली आली ती बनशंकरीची. कंडक्टर मंजुनाथच होता. त्यानं कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं, कस्तुराबाईंकडं बघितलं.

“कुठं, अक्का?”

“लास्ट.”

सिल्क बोर्डाच्या चौकात बस थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पुढच्या सीटवरचा एक माणूस साहेबाला फोनवर सांगत होता की पाच मिनिटांत पोचतो. दर पाच मिनिटांनी तेच सांगत होता. डिव्हायडरवर एक बाई पाण्याच्या ड्रमवर पाटी ठेवून चिंचा सोलत होती आणि बिया एका टोपीत टाकत होती. कुणाची टोपी होती कळायला मार्ग नव्हता. कस्तुराबाई बघत राहिल्या.

शेजारच्या मुलीनं वैतागून विचारलं, “आंटी, कितना टाइम लगेगा?”

“मेरेकू साडेचार तक का हाय,” कस्तुराबाई म्हणाल्या आणि खिडकीची काच आणखी सरकवली.