बंद केलेला सेन्सर

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितेय.

चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनचा प्रोग्राम मी सांभाळते. तो लिहिणारा इंजिनिअर केव्हाच नोकरी सोडून गेला. सकाळी त्याचा कोड वाचताना दिसलं, की हात आत असला तर मशीन थांबवणारा सेन्सर त्याने बंद करून ठेवलाय. डोकंच फिरलं. त्याला फोन लावून वाट्टेल ते बोलले.

तो शांतपणे म्हणाला, "साहेबांनी करायला लावलं. तू चालू करून बघ."

केला चालू. सेन्सर जुना, तासाभरात मशीन चारदा उगाच थांबलं. साहेब धावत आले. "मॅडम, आजचा माल जाऊ द्या, मग बघू. बंद करा." मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा बंद केला.

निघताना मोशीचे पोपटमामा भेटले; एरवी ते त्याच मशीनवर असतात, आज दुसऱ्या मशीनवर होते. "ताई, तुमी सेन्सर चालू केला म्हनं. लई बरं झालं बघा."

मी नुसती मान हलवली.

उद्या सकाळी मामा निर्धास्तपणे आत हात घालतील. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, अजून लावलेला नाही. तुम्ही लावला असता का?