चांदण्यातल्या नदीच्या चित्रासमोर बाबा

बाबा नागपूरहून पहिल्यांदा ओटावाला आले, त्या हिवाळ्यात मी त्यांना इथल्या एका चित्रसंग्रहालयात घेऊन गेले. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, पण जुनी तैलचित्रं त्यांनी पाहिली होती ती पुस्तकात छापलेली.

एकोणिसाव्या शतकातल्या एका चित्रापुढे ते थांबले ते हलेचनात. चांदणी रात्र, नदीकाठची शहरातली वस्ती, दाटीवाटीची घरं, पाण्यावर पडलेला उजेडाचा पट्टा. बाबा हात पाठीमागे बांधून जरासे वाकले.

"बघ, पांढरा रंग जवळपास नाहीच. सगळं चांदणं राखाडीतून काढलंय."

"सर, स्टेप बॅक प्लीज!" रखवालदार ओरडला.

बाबा झटकन मागे सरले. वर दोनदा "सॉरी, सॉरी" म्हणाले.

थोड्या वेळाने एक गोरं जोडपं आलं. नवरा चित्रातल्या एका खिडकीला बोट टेकेल इतक्या जवळून बायकोला काही दाखवत होता. रखवालदार त्यांच्याकडे बघून हसला.

माझं डोकंच फिरलं. "त्यांना का नाही सांगितलं?" मी इंग्रजीत विचारलं.

"मॅम, मी माझं काम करतोय."

"अर्धंच करताय!" माझा आवाज चढला. लोक वळून बघायला लागले. बाबांनी माझी बाही ओढली. "चल गं. तमाशा नको."

आम्ही निघालो. रखवालदार पार कोट ठेवायच्या खोलीपर्यंत आमच्या मागोमाग आला.

बसमध्ये मात्र माझ्याच तोंडून निघून गेलं, "बाबा, तुम्हीपण इतकं वाकायला नको होतं."

 ते बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाले, "हात मागे बांधले होते मी. शाळेतल्या पोरांनाही चित्र बघताना तेच शिकवलं."

मी संग्रहालयाला लांबलचक तक्रार लिहिली. उत्तर दोन ओळींचं आलं: तुम्हाला तसं वाटलं याबद्दल खेद आहे. वाटलं! जसं काही मी घरी बसून कल्पना केली होती. ती ईमेल मी कितीदा वाचली असेल, आणि दर वेळी तितकीच पेटले.

बाबा परत जायच्या आदल्या आठवड्यात मी म्हटलं, "पुन्हा जाऊया का? नीट, निवांत बघा."

"नको," ते बॅग भरता भरता म्हणाले. "त्या रखवालदाराचं राहू दे. आता तूच माझ्यावर नजर ठेवशील."

 रखवालदारावरचा राग मला अजून समजतो. स्वतःवरच्या रागाचं काय करायचं, ते कळलेलं नाही.