शेवट न वाचणारे गुरुजी

काशीत बिंदुमाधवगुरुजींना दोन कामांसाठी ओळखतात. सकाळी अहिल्याबाई घाटावर ते यजमानांच्या पूर्वजांना पिंड देतात आणि दुपारी जेवून उठले की यजमान सोडून उरलेल्या जगाला कादंबऱ्या सुचवतात. दुसऱ्या कामाची दक्षिणा नसते, पण त्यांचा जीव त्यातच जास्त रमतो, असं त्यांच्या पत्नी देवश्रीकाकूंचं म्हणणं. काकू हे म्हणतात तेव्हा सूर कौतुकाचा नसतो.

शहरातल्या मराठी माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, वाचणाऱ्यांचा. बँकेतले, रेल्वेतले, विद्यापीठातले आणि चार पिढ्या घाटावरच असलेले असे सदतीस जण. ऐतिहासिक आणि अद्भुत, या दोनच प्रकारच्या कादंबऱ्या तिथे चालतात. आत्मचरित्र टाकणाऱ्याला आधी समज देतात, मग काढून टाकतात. या ग्रुपवर गुरुजींचा शब्द म्हणजे पंचांग. कुणी नवीन पुस्तक विचारलं की ते आधी त्याचं गाव विचारतात, मग आडनाव, मग घरी कोण कोण आहे. घाटावर यजमान आला की विचारतात तसंच, त्याच क्रमाने. माणूस वाईचा निघाला तर त्याला डोंगरी किल्ला. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असला तर सात चंद्रांचं राज्य आणि बोलणारे गरुड. नेम सहसा चुकत नसे.

आणि शेवट ते कधीच सांगत नसत. "शेवट ज्याचा त्याने वाचावा," एवढंच म्हणत. हल्ली लोक पहिल्या ओळीत खुनी कोण ते सांगून मोकळे होतात, त्यात हा संयम ग्रुपला फार थोर वाटे. यावर एकदा त्यांचा शाल देऊन सत्कारही झाला.

खरी गोष्ट एवढीच होती की शेवट त्यांना माहीतच नसत.

त्याचं असं झालं. ऐन पंचविशीत त्यांनी एक जाडजूड कादंबरी वाचली. नायकाबरोबर तीन आठवडे घोड्यावर काढले, त्याच्या लग्नात जेवले, आणि सहाशेव्या पानावर तो पडला. गुरुजींना दोन दिवस अन्न जाईना. नवीन लग्न झालेल्या देवश्रीकाकूंना वाटलं, माहेरच्या पद्धतीची आमटी आवडली नसेल. तेव्हापासून गुरुजींनी नियमच केला. दिवसभर घाटावर मेलेल्यांचीच कामं. घरी येऊन पुस्तकातही कुणी मरायचं म्हणजे सुट्टीच्या दिवशी ड्यूटी. मग नायकाला खोकला झाला, किंवा त्याने मुलाला जवळ बोलावून दौलतीविषयी चार शब्द सांगायला घेतले, की गुरुजी पुस्तक मिटत. घरात दोन कपाटं अशा पुस्तकांची आहेत. त्यातला प्रत्येक नायक अजून जिवंत आहे.

हे पस्तीस वर्षं खपलं. मग मृणालिनीकाकू आल्या.

मृणालिनीकाकूंचे यजमान श्रीरामकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी जिना, मीठ आणि बातम्या बंद केल्या. काका अंथरुणात पडून छताचे चिरे मोजत, त्यामुळे काकूंना पुस्तक हवं होतं. पण त्यांची एक अट होती.

"गुरुजी, त्यात कुणी मरायला नको हो. हे मनाला लावून घेतात."

गुरुजींनी क्षणाचाही विचार न करता 'चंबळपारचा शिलेदार' दिलं. सहाशे बारा पानं. ते स्वतः पाचशे चाळीसपर्यंत गेले होते. तिथे नायक सुभानजी लढाया संपवून नातवाला मांडीवर घेऊन लिंबाखाली बसला होता, शेजारी त्याची म्हातारी घोडी पाखरी चरत होती. एवढं शांत पान पाहून गुरुजींना धोक्याचा वास आला आणि त्यांनी तिथेच खूण घातली.

"शेवट गोड आहे ना पण?" काकूंनी पुन्हा विचारलं.

"काकू, नातू मांडीवर घेऊन बसलाय," गुरुजी म्हणाले. उभ्या आयुष्यात शेवटाबद्दल ते प्रथमच बोलले, तेही खोटं नव्हतं.

तीन आठवड्यांनी विद्यापीठात शिकणाऱ्या ईशानीने ग्रुपवर लिहिलं, "चंबळपार संपवलं. सुभानजी गेला तेव्हा एवढी नाही, पर पाखरी के टाइम पे बहुत रोई." खाली रडक्या चेहऱ्यांची रांग.

हा मेसेज आला तेव्हा गुरुजी घाटावर साताऱ्याच्या एका कुटुंबाकडून श्राद्ध करवून घेत होते. त्यांनी फोन उपरण्याखाली सरकवला आणि पुढच्या संकल्पात यजमानाच्या आजोबांचं नाव विठ्ठलराव सोडून सुभानजी घेतलं. यजमान हळूच म्हणाला की आमच्यात असं कुणी नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

पिंड गंगेत सोडले आणि गुरुजी ओल्या धोतराने तडक श्रीरामकाकांच्या घरी गेले. काका चारशे तीसवर होते. गुरुजींना हायसं वाटलं. पुस्तक परत न्यायला आलोय, दुसऱ्या एकाला घाईने हवंय, असं त्यांनी सांगितलं. काकांनी उशी सारखी केली आणि म्हणाले, अडतीस वर्षांच्या नोकरीत मधल्या स्टेशनावर गाडी सोडून उतरलो नाही, आता कुठे उतरू?

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सात चंद्रांचं राज्य नेलं. काकांनी वीस पानं चाळून परत दिलं. त्यात मेलेला सेनापती दुसऱ्या प्रकरणात परत येतो. आमच्या खात्यात निवृत्त माणूस परत रुजू होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग गुरुजी रोज जाऊ लागले. काका रोज वीस पानं वाचत, एक कमी नाही, एक जास्त नाही. पाच वाजले की काकू बीपीचं मशीन लावत, तोवर वाचन उरकलेलं असे. गुरुजी घाटावर बसून हिशोब करत की सुभानजीला अजून सहा दिवस आहेत, आता पाच. त्यांनी गप्पा लांबवून पाहिल्या, क्रिकेट काढून पाहिलं, एकदा तर चष्माच लपवला. काकांकडे दुसरा होता.

नवव्या दिवशी काका पाचशे नव्वदवर पोचले आणि पुस्तक गुरुजींच्या हातात देऊन म्हणाले, "डोळ्यात ड्रॉप घातलेत. आज तुम्ही वाचून दाखवा."

काकू मशीन घेऊन पायथ्याशी बसल्या. गुरुजींनी पुस्तक उघडलं, खाकरले आणि वाचू लागले. सुभानजीने तलवार खुंटीला टांगली. सुभानजी सहकुटुंब काशीला आला. इथे त्याने एक छोटासा घाट बांधला, पायऱ्या रुंद ठेवल्या, पाखरीला मणिकर्णिकेच्या चितांपासून लांब मोकळा तबेला दिला, आणि रोज सकाळी तो...

"गुरुजी," काका म्हणाले, "चष्मा तुमच्या कपाळावर आहे."

गुरुजींनी पुस्तक खाली ठेवलं. मग पस्तीस वर्षांचं सगळं बाहेर आलं, दोन कपाटांसकट. काकूंनी डोक्याला हात लावला. घाटावर लोक ज्याच्या शब्दावर पूर्वज सोपवतात तो माणूस सतरंजीचा काठ कुरतडत बसला. आपल्यावर विश्वास ठेवून काकूंनी नवऱ्याचा जीव हाती दिला आणि आपण न वाचलेलं पुस्तक दिलं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"सुभानजी जातो हे मला माहीत आहे," काका म्हणाले. "ईशानीचा मेसेज मीही वाचला. ग्रुपवर मी पण आहे ना, भाई."

"मग वाचत का राहिलात?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "तीन महिने झाले, या घरात तो शब्द कुणी काढत नाही. शेजारचा तिवारी गेला तर मला सांगितलं की गावाला गेला. ही स्वयंपाकघरात जाऊन रडते आणि बाहेर येऊन सांगते, कांदा चिरत होते. कांदा मला बंद आहे. निदान सुभानजी तरी माझ्यासमोर सरळ मरेल म्हटलं."

काकूंनी पदराने नाक पुसलं आणि पुस्तक उचलून गुरुजींच्या हातात परत दिलं.

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आयुष्यात दुसऱ्यांदा एका नायकाबरोबर शेवटच्या पानापर्यंत गेले. सुभानजी नदीच्या उतारावर पडला. पाखरी उठली नाही, त्याच्या शेजारीच राहिली. तिथे गुरुजींचा आवाज असा काही फुटला की वाचन काकूंना पुरं करावं लागलं.

पाच वाजता मशीन लावलं. काकांचं एकशे अठ्ठावीस. मग काकूंना गुरुजींचा चेहरा बरा दिसेना म्हणून पट्टा त्यांच्या दंडावर चढवला. एकशे सत्तर. काकांना खुर्चीत बसवून त्यांच्या पलंगावर गुरुजींना आडवं करण्यात आलं, आणि काकूंनी बजावलं की उद्यापासून मीठ बंद.

"सुभानजीला पाणी सोडाल उद्या?" काकांनी विचारलं. "मला पायऱ्या उतरता येत नाहीत."

"गोत्र माहीत नाही."

"मग?"

"माहीत नसलं की काश्यप."

"आणि पाखरी?"

गुरुजींनी पडल्या पडल्या विचार केला. तर्पणाच्या शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना एकत्र पाणी देतात, त्यात घोडी बसायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहिल्याबाई घाटावर काश्यप गोत्राच्या सुभानजीला तीन ओंजळी मिळाल्या. मग गुरुजींनी ग्रुपवर सगळं खरं लिहून टाकलं. शाल परत करायला तयार आहे, असंही लिहिलं. शाल कुणी मागितली नाही. उलट दुपारपर्यंत नावं यायला लागली: कुणाचा किल्लेदार, कुणाची राणी, एकाचा हत्ती. गुरुजी रोज चार-पाच जणांना पाणी देतात आणि ज्याला दिलं त्याचं पुस्तक कपाटातून काढून शेवटपर्यंत वाचतात. देवश्रीकाकू जेवायला वाढण्याआधी विचारून घेतात, आज कोण गेलं.

ईशानीने सात चंद्रांच्या राज्यातली अकरा नावं पाठवली आणि खाली लिहिलं, "गुरुजी, यातले दोघे तिसऱ्या भागात वापस आने वाले हैं. त्यांचं अभी मत कीजिएगा."

गुरुजींनी नऊ जणांचं केलं. तिसरा भाग कधी येणार, हे ते दर सोमवारी तिला विचारतात.